अण्णांचा अंगठा लागत नाही

यंदाच्या फेब्रुवारीतली गोष्ट. बँकेच्या काउंटरवर एक छोटं काळं मशीन होतं, काडेपेटीपेक्षा जरासं मोठं, काचेखाली लाल दिवा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यावर उजवा अंगठा टेकवला. दिवा लागला, विझला. पुन्हा टेकवला. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग सगळा डावा हात. काउंटरवरच्या मुलाने ओला रुमाल पुढे केला. बोटं पुसून पुन्हा एकदा झालं. मागे रांगेत आठ-दहा पेन्शनर ताटकळत होते. शेवटी तो मुलगा अण्णांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, ‘काकांचा अंगठा लागत नाहीये. दुसरीकडे कुठे होतं का बघा.’

अण्णांनी हात शर्टाला पुसला आणि पायऱ्या उतरून सरळ रिक्षा स्टँडकडे चालू लागले.

तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी बोललो. मनापासून बोललो, त्यांचा त्रास वाचावा म्हणून. ‘अण्णा, हजार रुपयांसाठी एवढी वणवण कशाला? मी टाकत जाईन की दर महिन्याला तुमच्या खात्यात. दोन हजार टाकतो.’

ते बाहेर बघत राहिले. सिग्नल सुटला, रिक्षा वागळे इस्टेटच्या रस्त्याला लागली, तेव्हा म्हणाले, ‘ते तुझे. हे माझे.’

किसननगरला उतरल्यावर रिक्षाचे पैसे त्यांनी दिले. मी पाकीट काढलं होतं, पण त्यांनी माझा हात बाजूला केला, जरा जोरातच. वर ये असं म्हणाले नाहीत. मीही गेलो नाही.

अण्णांची पेन्शन ईपीएस-९५ची, म्हणजे १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेची. खाजगी कंपनीत प्रॉव्हिडंट फंड कापला जायचा, त्यात मालक जो हिस्सा भरायचा त्यातले पगाराच्या ८.३३ टक्के १६ नोव्हेंबर १९९५ पासून पेन्शनकडे वळू लागले. दहा वर्षं नोकरी झालेली असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू होते. अण्णांची २००९ साली सुरू झाली तेव्हा हजारालाही पोचत नव्हती. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये झाली, तेव्हापासून हजार म्हणजे हजार. ती साडेसात हजार करा म्हणून म्हातारी माणसं वर्षानुवर्षं धरणं धरतायत. अण्णाही दोनदा डबा घेऊन आझाद मैदानात बसून आलेत. आणि हे हजार येत राहावेत तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी सगळ्यांचा नोव्हेंबरात असायचा. आता ईपीएसवाल्यांना वर्षात कधीही देता येतो, दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. एका वर्षी आमचा राहून गेला, पेन्शन थांबली, फेब्रुवारीत दाखला दिल्यावर थकलेल्या रकमेसकट सुरू झाली. तेव्हापासून आमचा महिना फेब्रुवारी. दर वर्षी अंगठा चौथ्या-पाचव्या खेपेला लागायचा. यंदा लागलाच नाही.

मी त्या रात्री घोडबंदरला माझ्या घरी आलो, जेवलो, आणि त्या दोन वाक्यांवर अडकून बसलो. ते तुझे. हे माझे.

अण्णा टर्नर, लेथ मशीनवरचे कामगार. संगमेश्वरकडच्या गावातून १९७४ साली ठाण्यात आले, तेव्हा वय तेवीस. वागळे इस्टेट तेव्हा भरात होती. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, तिची सुरुवातच इथून झाली. सकाळी भोंगा झाला की किसननगरातून, रामनगरातून माणसांचा लोंढा निघायचा, निम्मी सायकलवर, निम्मी चालत. ज्या गेटमधून अण्णा पंचवीस वर्षं आत-बाहेर करत होते तिथे आज काचेची इमारत आहे आणि गळ्यात पट्टा अडकवलेली पोरं बाहेरच्या टपरीवर चहा पितात. मीही तसाच पट्टा घालून हिशेबाचं काम करतो, दुसऱ्या एका इमारतीत.

त्यांच्या कंपनीत पंपांचे शाफ्ट व्हायचे. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकमध्ये बांधायचा, टूल लावायचं, कूलंटचा दुधासारखा पांढरा पाट सोडायचा, आणि निळसर झाक असलेला लोखंडाचा कीस गुंडाळ्या होत खाली पडत राहायचा. तो कीस हाताने ओढायचा नसतो, हूकने ओढायचा असतो. पण पीस-रेटवर, म्हणजे नगामागे पैसे असताना, घाई असली की कोण हूक शोधतंय. सेकंड शिफ्टहून रात्री साडेबाराला अण्णा घरी यायचे, तेव्हा अंगठ्यात हमखास एखादी कुसळाएवढी लोखंडाची धार रुतलेली असायची. आई सुई तापवायची. मी बॅटरी धरायचो. पाच-सहा वर्षांचा असेन, झोपेतून उठलेला. बॅटरी जरा हलली की अण्णा म्हणायचे, ‘हलवू नको.’ एवढंच. ओरडून नाही. पिवळ्या उजेडाच्या गोलात तो अंगठा मी इतक्या जवळून पाहिलाय की आजही डोळ्यांसमोर आहे: नखाच्या कडेला काळी रेघ, जी खोबरेल लावूनही जायची नाही, मधोमध कातडी जाड, चामड्यासारखी, आणि तिच्यावर बारीक बारीक पांढरे ओरखडे.

बोटावरच्या रेषा झिजल्या तरी पुन्हा उगवतात म्हणे. पण वय झालं की कातडीचा ताण जातो, आणि ज्याने सगळा जन्म हाताने काम केलंय त्याच्या रेषा मग पुसट होऊन जातात. अण्णा कंपनी बंद पडल्यावरही एका गाळ्यात जॉबवर्क करत होते, थेट २०१५पर्यंत. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त कूलंटमध्ये गेलेले हात. ज्या कामाची ही पेन्शन, त्याच कामाने तिची खूण पुसून टाकली. बँकेतल्या त्या मुलाची यात काही चूक नव्हती. मशीनला अंगठा दिसत नव्हता, एवढंच. पण तो वाक्य माझ्याकडे बघून बोलला, हे अण्णांना लागलं, आणि त्याच्या पाठोपाठ मी दोन हजारांचं बोललो.

आमचं बिनसलं ते १९९९ साली. दहावीचा निकाल लागला आणि अण्णांनी वागळे इस्टेटमधल्या आयटीआयचा फॉर्म आणला. ट्रेड टर्नर. फॉर्मवर माझं नाव त्यांनी स्वतः लिहिलं होतं, त्यांच्या त्या जॉबकार्डवरच्या अक्षरात, एकेक अक्षर सुटं. मला ते करायचं नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं असतं तर कदाचित दोन दिवस भांडण होऊन मिटलंही असतं. मी सांगितलं नाही. आईची सही घेऊन अकरावी कॉमर्सला नाव घातलं. पंधरा दिवसांनी फीची पावती त्यांना माझ्या पुस्तकात सापडली. ते म्हणाले, ‘बरं.’ पावती पुन्हा पुस्तकात ठेवली.

गणपतीत कंपनीला टाळं लागलं.

मला खूप वर्षांनी उमगलं की त्यांच्या मनात या दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्यासारख्या बसल्या. त्यांचं काम जगाला नको झालं, आणि जगाच्या आधी दोन महिने ते त्यांच्या पोराला नको झालं. मी त्यांच्या कामाला नाही म्हटलं नव्हतं, मला ते स्वतः करायचं नव्हतं, एवढंच. हा फरक मी त्यांना तेव्हा समजावू शकलो नाही आणि नंतर समजावण्यासारखी वेळ राहिली नाही. युनियनबरोबर ते आठ महिने गेटवर बसले. मी कॉलेजला जाताना त्या रस्त्याने जायचं टाळायचो.

मग सुरू झालं ते निरोपांचं. ‘त्याला सांग, दूध आणायचंय.’ ‘त्यांना विचार, इथे सही करणार का.’ दहा बाय बाराची खोली, आमच्या दोघांत जेमतेम चार फुटांचं अंतर, आणि निरोप आईच्या तोंडून. आई तो जसाच्या तसा कधी पोचवायची नाही. त्यातला काटा काढून पोचवायची. ‘विचार त्याला, आज तरी वेळेवर येणार का’ याचं ‘बाबा, अण्णा वाट बघतायत जेवायला’ व्हायचं. मला वाटायचं अण्णा मवाळ झालेत. त्यांनाही माझ्याबद्दल तसंच वाटत असणार. सतरा वर्षं आमचं नातं आईने असं दुरुस्त करून करून चालवलं.

२०१६च्या पावसाळ्यात आई गेली. सकाळपासून छातीत दुखत होतं, दवाखान्यात न्यायला दुपार झाली. मी ऑफिसातून थेट पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिथे कॉरिडॉरमध्ये, ताई आणि चार शेजाऱ्यांसमोर, मी अण्णांना म्हणालो, ‘तुम्ही उशीर केलात.’ त्यांनी मान खाली घातली. ते वाक्य मी आजपर्यंत परत घेतलेलं नाही. घ्यायचं कसं हे मला माहीत नव्हतं, आणि निरोप पोचवणारंही कुणी उरलं नव्हतं.

तरीही मी दर रविवारी किसननगरला जातो. एकही रविवार चुकवत नाही, कोरोनातले काही महिने सोडले तर. अण्णा माझ्याकडे राहायला येत नाहीत. क्लस्टरचं, म्हणजे जुन्या वस्त्या पाडून नव्याने बांधायच्या योजनेचं, भूमिपूजन २०२३च्या जूनमध्ये किसननगरातच झालं, आता घर मिळाल्याशिवाय खोली सोडायची नाही, असं ते म्हणतात. क्लस्टर नसतं तर दुसरं काहीतरी म्हणाले असते. मी गेलो की काहीतरी बिघडलेलं असतं. कधी नळाचा वॉशर, कधी पंख्याचा कंडेन्सर, कधी रेडिओचं बटण. ते स्टुलावर चढतात, मी स्टूल धरतो. ‘दोन नंबरचा पाना दे.’ ‘हा?’ ‘त्याच्या शेजारचा.’ असं तासभर बोलणं होतं. आमच्या दोघांत बोलणं व्हायचं तर मध्ये एखादी वस्तू लागते. ती नसली की दोघंही टीव्हीकडे बघतो. पंखा दुरुस्त करायला वायरमन चाळीतच राहतो, हे मलाही ठाऊक आहे आणि त्यांनाही. तो पंखा माझ्यासाठी रविवारपर्यंत बंद ठेवलेला असतो, असं मला वाटतं. मी हे त्यांना विचारणार नाही.

रिक्षातल्या त्या बोलण्यानंतरच्या रविवारी मी गेलो तेव्हा काहीच बिघडलेलं नव्हतं. मी खिशातून मोबाइल काढला आणि म्हटलं, ‘अण्णा, अंगठ्याशिवाय होतं. चेहरा दाखवून. घरीच करू.’

‘चेहरा दाखवून?’

‘हो. फोनसमोर.’

त्यांनी चष्मा लावला. म्हणजे बसले.

डिजिटल दाखल्याची ‘जीवन प्रमाण’ व्यवस्था नोव्हेंबर २०१४ची, पण चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय त्यात २०२१च्या नोव्हेंबरात आली. कुणाच्या घरी असा पुसट अंगठा असेल तर सांगून ठेवतो: दोन ॲप लागतात, एक ‘आधार फेस आरडी’ आणि दुसरं ‘जीवन प्रमाण’. पहिलं नुसतं टाकून ठेवायचं, काम दुसऱ्यात करायचं. दिवसाउजेडी करावं. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, बँकेचं पासबुक आणि आधार हाताशी घेऊन बसावं, नाहीतर मध्येच उठावं लागतं. अण्णांचा पीपीओ एका प्लास्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीत कंपनीचा टोकन बिल्ला, २१७.

ॲपने पहिल्यांदा माझाच आधार नंबर मागितला, मग माझाच चेहरा. अण्णा म्हणाले, ‘तुझा कशाला? पेन्शन माझी आहे.’

‘जो दाखला काढतो त्याला आधी स्वतःचा द्यावा लागतो. ऑपरेटर म्हणतात.’

‘ऑपरेटर,’ अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडी तो शब्द वेगळाच वाटला. ‘बरोबर आहे. जॉबवर ऑपरेटरचा टोकन नंबर लागतोच. उद्या जॉब रिजेक्ट झाला तर कुणाला विचारणार?’

मी फोन समोर धरला, गोलात माझा चेहरा आला. अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, ‘डोळ्याखाली काळं झालंय. झोपत नाहीस का?’

मी म्हटलं, झोपतो. त्यांच्या तोंडून माझ्याबद्दलचं असं वाक्य थेट माझ्यापर्यंत कधी आलं होतं मला आठवेना. आईमार्फत शंभर आली असतील.

मग त्यांचा आधार नंबर, त्यांच्या बटणाच्या फोनवर आलेला ओटीपी. तो त्यांनी एकेक आकडा सुटा करून वाचला, मशीनशॉपमध्ये मापं सांगतात तसा खणखणीत. मग नाव, पीपीओ नंबर, खाते क्रमांक. मग दोन प्रश्न. मी वाचून दाखवत होतो.

‘पुन्हा नोकरी करता का?’

‘नाही.’

‘पुनर्विवाह केला आहे का?’

प्रत्येक पेन्शनरला विचारतात तो प्रश्न. मी पुढे सरकायला हवं होतं, ‘नाही’वर बोट ठेवायला हवं होतं. माझा हात थांबला. अण्णा भिंतीकडे बघत होते. तिथे आईचा फोटो नाही, कॅलेंडर आहे. फोटो त्यांनी कपाटाच्या आत लावलाय, दार उघडलं की दिसतो.

म्हणाले, ‘त्या दिवशी तीन रिक्षा थांबल्या नाहीत. पाऊस होता. मी नाक्यापर्यंत धावत गेलो, तोवर ती खोलीत एकटी होती. चौथी थांबली.’

पुढे काही बोलले नाहीत. आवाज चढलेला नव्हता, पडलेलाही नव्हता. नऊ वर्षं त्यांनी हे जवळ ठेवलं होतं. कॉरिडॉरमध्ये मी बोललो तेव्हा हे उत्तर त्यांच्यापाशी होतं आणि त्यांनी दिलं नव्हतं. मला म्हणायचं होतं, अण्णा, मी चुकलो. ते घशापर्यंत आलं. मी खाली बघितलं तर फोनची स्क्रीन काळी झाली होती. उघडली, तर फॉर्म कोरा.

‘काय झालं?’

‘वेळ गेला. पुन्हा पहिल्यापासून भरावं लागेल.’

‘भर मग.’

पुन्हा आधार, पुन्हा ओटीपी, पुन्हा एकेक आकडा. दुसऱ्यांदा तो प्रश्न आला तेव्हा मी वाचला नाही. तेच म्हणाले, ‘नाही कर तिथे.’ मी केलं. मग फोन बाजूला ठेवून मी त्यांच्या हातावर हात ठेवला. माझं वाक्य मला तेव्हाही म्हणता आलं नाही. त्यांनी हात काढून घेतला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, ‘पुन्हा बंद पडेल तो.’

चेहऱ्यासाठी आम्ही गॅलरीत गेलो, कारण खोलीत ट्यूबलाइट पाठीमागे येत होती. त्यांना पाटावर बसवलं, चष्मा काढला, मी उकिडवा बसून फोन धरला. पडद्यावर गोल आला आणि त्या गोलात अण्णांचा चेहरा. डाव्या भुवईत एक पांढरा खड्डा आहे, तापलेला कीस उडाला होता त्याचा, मी जन्मलो त्या वर्षीचा. मोतीबिंदू झालेला उजवा डोळा ऑपरेशनपासून जरा जास्त चमकतो. गालाची हाडं वर आलीत. दाढी त्या दिवशी केलेली होती, कानाखाली साबणाचा पांढरा ठिपका राहिला होता. बापाचा म्हणून हा चेहरा मी रोज बघत आलो असेन, पण इतका वेळ, इतक्या जवळून, आणि तोही माझ्याकडे बघत असताना, कधी बघितला नव्हता.

ॲप सांगतं, डोळे मिचकवा. अण्णा टक लावून बघत राहिले, ओळखपत्राच्या फोटोला बसतात तसे. गोल लाल.

‘अण्णा, डोळे मिचकवा.’

त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटले आणि तसेच ठेवले.

‘तसे नाही. मिटून लगेच उघडायचे.’

पुन्हा केलं, मान हलली. ‘हलू नका,’ मी म्हणालो. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. त्यांच्या कपाळावर घाम आला. बँकेतल्यासारखंच होतंय असं त्यांना वाटत असणार. ओठ आवळले गेले, मला ते दिसलं. त्यांना आणखी एकदा ‘लागत नाही’ हे ऐकवायचं नव्हतं मला.

मी म्हटलं, ‘अण्णा, लेथवर कीस उडाला की डोळे कसे करायचात?’

त्यांनी विचारही केला नाही. पापण्या झटकन मिटल्या, उघडल्या. गोल हिरवा झाला.

‘झालं?’

‘झालं.’

‘एवढंच होतं होय,’ ते म्हणाले, आणि पंच्याने तोंड पुसलं.

मिनिटाभरात त्यांच्या फोनवर मेसेज आला, प्रमाण आयडीचा. मी वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, ‘कागद कुठाय?’ मी म्हटलं, कागदाची गरज नसते, आपोआप जातं सगळं. ते काही बोलले नाहीत, पण पायात चपला घातल्या. मग मीही घातल्या.

खाली झेरॉक्सच्या दुकानात मी साइटवर आयडी टाकून दाखला काढला. मशीनमधून कागद गरम आला. अण्णांनी तो दोन्ही हातांनी धरला, नाव वाचलं, पीपीओ नंबर पिशवीतल्या कागदाशी एकेक आकडा जुळवून बघितला, जॉब तपासतात तसा. मग दुकानदाराकडून पेन मागून मागच्या बाजूला तारीख लिहिली आणि तारखेखाली ‘ऑपरेटर’ लिहून पुढे माझं नाव लिहिलं. एकेक अक्षर सुटं. आयटीआयच्या फॉर्मनंतर माझं नाव त्यांच्या अक्षरात मी पहिल्यांदाच बघत होतो.

‘किती झाले?’ त्यांनी दुकानदाराला विचारलं.

‘दहा.’

माझा हात खिशात गेला होता. मी तो तसाच बाहेर काढला. अण्णांनी शर्टाच्या आतल्या खिशातून दहाची नोट काढली, सरळ केली आणि काउंटरवर ठेवली.